काचेतलं इंजिन आणि ‘नवीन’ अशी चिठ्ठी

मी घड्याळं दुरुस्त करते. बाबांच्या हाताखाली शिकले, त्याला आता ३६ वर्षं झाली. मॉडेल रेल्वेचा नाद मात्र अलीकडचा, ११ वर्षांपूर्वीचा. एका गिऱ्हाइकाने घड्याळाबरोबर बंद पडलेलं छोटं इंजिन आणून ठेवलं, त्याच्या पोटातला वर्म गिअर पाहिला आणि मी त्यात गुंतले ती गुंतलेच.

ज्या दुकानाबद्दल हे लिहितेय, तिथून गेली सहा वर्षं मी रूळ, डबे, सुटे भाग घेत आले आहे. दुकानाचं नाव देत नाही. काउंटरवरचा मुलगा चांगला आहे, त्याची नोकरी माझ्यामुळे जायला नको. शिवाय काचेत फिरवलेलं इंजिन ‘नवीन’ म्हणून विकायचा हा प्रकार माझ्याच वाट्याला आलाय असंही नाही. या छंदातल्या ओळखीच्या चार जणांना सांगितलं, तर त्यातल्या तिघांकडे आपापली गोष्ट तयार होती, आणि तिघांचीही दुकानं वेगवेगळी.

आधी चांगलं सांगते, कारण तेही खरं आहे. सुट्या भागांच्या बाबतीत या दुकानाला तोड नाही. रुळांचे सांधे पाकीटभर घ्यावे लागत नाहीत, हवे तेवढे मोजून मिळतात. चाकांवर बसणारे रबरी ट्रॅक्शन टायर मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेले असतात, आणि माप चुकलं तर बदलून देतात. काउंटरवरच्या मुलाला माल कळतो. एचओ आणि ओओ ही मॉडेलची दोन मापं, दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर चालतात, पण एकाचं प्रमाण १:८७ आणि दुसऱ्याचं १:७६. नवखा माणूस एकाचं इंजिन आणि दुसऱ्याचं स्टेशन उचलतो आणि घरी गेल्यावर त्याला कळतं, की दोन्ही एकमेकांच्या मापात बसत नाहीत. हा मुलगा असं होऊ देत नाही, बिल करायच्या आधीच विचारतो. काउंटरवर हातभर रुळाचा तुकडा आणि त्याला जोडलेला कंट्रोलर आहे, मागितलं तर घ्यायची वस्तू त्यावर चालवून दाखवतात. इंजिन घेतलं त्या दिवशी मी ते मागितलं नाही. सहा वर्षांच्या ओळखीत मागायची गरज वाटली नव्हती.

दुकानाच्या दर्शनी काचेमागे एक लंबगोल मांडणी आहे. हिरवंगार गवत, दोन बोगदे, एक लोखंडी पूल. दुकान उघडलं की तिथली गाडी सुरू होते आणि दुकान बंद होईपर्यंत फिरत राहते, दुपारी जेवणाच्या वेळेला तेवढी थांबते. इंजिन घ्यायच्या आधीच्या दोन महिन्यांत मी पाच वेळा गेले आणि पाचही वेळा त्या रुळांवर एकच इंजिन होतं. २-८-२ रचनेचं, ज्याला मिकाडो म्हणतात ते वाफेचं इंजिन: पुढे दोन लहान चाकं, मग आठ मोठी, मागे पुन्हा दोन. मागे सात डबे. आठही मोठ्या चाकांना जोडणारे दांडे एका लयीत फिरत होते आणि दर खेपेला माझी पावलं काचेपाशी थांबत होती. ते इंजिन मला हवं होतं. एवढं मोठं इंजिन मी याआधी घेतलं नव्हतं. त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकत होते, हे काउंटरवरच्या मुलालाही माहीत होतं.

सहाव्या खेपेला काचेत डिझेल इंजिन फिरत होतं. मी आत गेले तसा मुलगा म्हणाला, “काकू, ते वाफेचं घ्यायचं होतं ना तुम्हाला? एक नग आहे. शेवटचा.”

“नवीनच ना रे?”

“हो, बॉक्समधलं आहे.”

खोक्यावर ‘नवीन’ अशी चिठ्ठी होती आणि किंमतही नव्याचीच, एक पैसा कमी नाही. मी पैसे मोजले आणि खोका घेऊन घरी आले.

संध्याकाळी पाटावर रूळ मांडले. माझ्याकडे सजावट नाही: डोंगर नाही, झाडं नाहीत, नुसत्या पाटावर बसवलेले रूळ. मला चालणारी यंत्रं पाहायची असतात. खोका उघडताना पहिली खटकलेली गोष्ट क्षुल्लक होती. इंजिनाभोवतीच्या पातळ प्लॅस्टिकच्या कागदाला दोन घड्या होत्या, एक कारखान्यातली जुनी आणि पक्की, दुसरी तिच्या शेजारून तिरकी गेलेली. म्हणजे कुणीतरी तो उलगडून पुन्हा गुंडाळला होता. बारीक पायऱ्या, नळ्या, कठडे आपण घरी बसवायचे असतात, त्यांची पुडी होती, पण तिचं तोंड चिकटपट्टीने बंद केलेलं होतं. याचं काही वाटून घेतलं नाही. दुकानदाराने तपासायला उघडलं असेल, आणि तपासून दिलं तर ते चांगलंच.

मग इंजिन रुळांवर ठेवलं, कंट्रोलरवर पत्ता ३ लावला आणि वेग दिला. इंजिन जागचं हललं नाही.

डीसीसी म्हणजे रुळांतूनच इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायची पद्धत. डीसीसीवर चालणाऱ्या इंजिनात डिकोडर नावाची छोटी पाटी असते आणि प्रत्येक डिकोडरला पत्ता असतो. एकाच रुळावर चार इंजिनं उभी असली तरी हुकूम फक्त त्या पत्त्याच्या इंजिनाला कळतो. कारखान्यातून आलेल्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकांतच ते आहे, आणि कंपनी कुठलीही असो, नवं इंजिन रुळावर ठेवलं की ३ लावायचं ही सवय हातात बसलेली असते. एकदा वाटलं, डिकोडरच बिघडलेला असेल. इंजिन प्रोग्रॅमिंगच्या रुळावर घेतलं आणि पत्ता विचारला. उत्तर देताना डिकोडर मोटरला क्षणभर वीज देतो, त्यामुळे इंजिन किंचित थरथरतं. तसं ते थरथरलं आणि पडद्यावर आकडा आला: ३८.

पत्ता आपोआप बदलत नाही. कुणीतरी, या इंजिनाला दुसऱ्या इंजिनांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून, तो ३८ केला होता. मग बाकीचे आकडेही वाचले आणि माहितीपुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून पाहिले. डिकोडरमध्ये साठवलेल्या अशा प्रत्येक आकड्याच्या खणाला सीव्ही म्हणतात. तिसऱ्या सीव्हीत वेग किती हळू वाढावा हे असतं, चौथ्यात किती हळू कमी व्हावा हे. दोन्ही बदललेले होते. आवाजाचा आकडा कारखान्यातल्या आकड्याच्या पाव होता. आवाज कोण कमी करतं? ज्याला तो दिवसभर शेजारी बसून ऐकावा लागतो तो.

आता मी डोळ्याला भिंग लावलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला झीज वाचता येते, तो आमच्या पोटाचाच भाग आहे. इंजिन फोमवर उलटं ठेवलं. एकही स्क्रू उघडला नाही, कारण स्क्रूच्या खाचेला माझ्या पेचकसाचा एक ओरखडा पडला असता, तरी पुढचं सगळं माझ्या माथी आलं असतं.

बैलगाडीच्या चाकाला जशी धाव असते, तसा या चाकाचाही रुळावर टेकणारा एक पट्टा असतो. अशा इंजिनाची चाकं कारखान्यातून काळी करून आलेली असतात. इथे धावेवरचा काळा रंग पूर्ण गेला होता, खालचा धातू उघडा पडला होता आणि त्यावर चिकट काळा थर बसला होता. तो थर रंगाचा नसतो. चाक आणि रूळ यांच्यात वीज जाताना बारीक ठिणग्या पडतात, त्याने जळलेला धातू, तेल आणि धूळ मिळून तो तयार होतो. नखाने खरवडला तर निघेल इतका तो जाड होता. शेवटच्या मोठ्या चाकांवरचे ट्रॅक्शन टायर चकचकीत झाले होते. नवं रबर निस्तेज आणि मऊ दिसतं, त्याला झळाळी नसते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण एवढ्यावर कुणावर आरोप करणं बरोबर नाही. कारखान्यातही इंजिन खोक्यात घालायच्या आधी रोलरवर थोडं फिरवून पाहतात. त्यामुळे अगदी कोऱ्या इंजिनाच्या चाकावरही बारीक रेघ दिसू शकते, आणि ती पाहून दुकानात भांडायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ती रेघ केसासारखी असते आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. धाव पूर्ण उघडी पडणं, वर काळा थर साचणं, हे मिनिटभराच्या फिरवण्यातून होत नाही.

मला सगळ्यात जास्त सांगून गेल्या त्या चाकांच्या कडा. चाक रुळावरून घसरू नये म्हणून आतल्या बाजूला जी उभी कड असते ती. पुढच्या लहान चाकांची आणि पहिल्या मोठ्या चाकांची उजवीकडची कड आरशासारखी चमकत होती, डावीकडची अजून काळी होती. गाडी सतत डावीकडे वळत राहिली की पुढच्या आसावरचं बाहेरचं चाक, म्हणजे उजवं, बाहेरच्या रुळावर घासत जातं. घरी माणूस गाडी पुढे नेतो, मागे घेतो, शंटिंग करतो, दोन्ही बाजूंना वळवतो. एकीकडूनच झिजलेलं इंजिन म्हणजे एकाच लंबगोलावर, एकाच दिशेने, दिवसचे दिवस फिरलेलं इंजिन.

आणि मग चिमट्याने पहिल्या दोन मोठ्या चाकांच्या मधल्या आसावरून मी एक धागा ओढला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. एकूण अकरा निघाले. हिरवे, नायलॉनचे, प्रत्येकी जेमतेम ४ मिलिमीटर लांब. मॉडेलवरचं गवत असंच करतात, विजेच्या भाराने उभे केलेले आखूड धागे गोंदावर चिकटवून. नीट न चिकटलेले धागे गाडीच्या वाऱ्याने उडतात आणि गिअरच्या तेलाला जाऊन बसतात. माझ्या पाटावर गवताची काडी नाही. ते अकरा धागे मी पांढऱ्या कागदावर ठेवून, वर काच ठेवून झोपले. झोप लागली नाही.

राग कसला आला ते नेमकं सांगते. इंजिन चालत होतं. पत्ता ३८ लावल्यावर ते सुरेख चाललं, आवाज वाढवला तर आवाजही सुंदर होता. राग ‘नवीन’ या शब्दाचा होता. बाबांच्या दुकानात काचेच्या कपाटातली घड्याळं असायची, काटे १० वाजून १० मिनिटांवर लावून बंद ठेवलेली. त्यातलं घड्याळ कुणाला द्यायचं झालं, की बाबा आधी म्हणायचे, “हा काचेतला नग आहे.” ते घड्याळ एक तासही चाललेलं नसायचं, फक्त उजेडात राहिलेलं असायचं. तरी सांगायचे. गिऱ्हाईक काचेतलाच नग घेऊन जायचं बहुतेक वेळा, थोडे पैसे कमी देऊन, खुशीने.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला गेले. आत जायच्या आधी काचेपाशी उभी राहिले. डिझेल इंजिन फिरत होतं, डावीकडे वळत. पूल आला, बोगदा आला, पुन्हा डावीकडे.

मुलाने मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की त्याला माहीत आहे. “काकू, ते फक्त टेस्ट केलं होतं,” तो म्हणाला, पण मान वर न करता. मी त्याला काही बोलले नाही. मालकांना बोलवायला सांगितलं.

मालक माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, इंजिन हातात घेऊन नीट पाहिलं. मग म्हणाले, “अहो मॅडम, चालवल्याने इंजिन बिघडत नाही. उलट मोकळं होतं. तुम्हीही घरी नेऊन आधी चालवलंच असतं ना?”

हा युक्तिवाद बहुतेक दुकानांत असाच करतात, आणि त्यात एक खरा भाग आहे. नवं इंजिन सुरुवातीला सावकाश चालवून मोकळं करावं लागतं. गिअरचे दात एकमेकांत बसतात, मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश कम्युटेटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, गोलाईवर घासून त्याच्या आकाराचे होतात. पण त्याची पद्धत अशी असते: साधारण अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने, मागे डबे न जोडता. दोन्ही दिशांना, कारण ब्रश आणि गिअर दोन्हीकडून बसायला हवेत. घड्याळातही नवा भाग बसवला की आम्ही हेच करतो. पहिला तास त्या वस्तूच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा असतो आणि तो माझ्या हातून व्हावा, असं मला वाटतं.

मी कागद मागून घेतला आणि मालकांसमोर हिशेब मांडला. १:८७ च्या गाडीचा वेग खऱ्या गाडीच्या ताशी ६० किलोमीटरसारखा दिसावा, तर ती रुळावर सेकंदाला सुमारे १९ सेंटिमीटर जाते. दुकान कितीही वेळ उघडं असो, गाडी दिवसाला सहाच तास फिरली असं धरू. म्हणजे रोज ४ किलोमीटरच्या वर. सुट्या वजा करून दोन महिन्यांचे ५० दिवस धरले तर २०० किलोमीटर. इंजिनाच्या मोठ्या चाकाचा व्यास १८ मिलिमीटर, एका फेऱ्यात ते साडेपाच सेंटिमीटरच्या थोडं पुढे जातं. २०० किलोमीटरला ३५ लाख फेरे. चाकाचा एक फेरा होईपर्यंत मोटरचे दहा-पंधरा तरी होतात, म्हणजे कम्युटेटरवर ब्रश घासलेला आकडा कोटींत जातो. तेही सात डबे ओढत, एकाच दिशेने. आणि तास मोजायचे तर ३००. मी घरी रोज वीस मिनिटं इंजिन चालवते. तेवढे तास व्हायला मला ९०० दिवस लागले असते.

“म्हणजे माझ्या वापराची अडीच वर्षं तुम्ही आधीच वापरून घेतलीत,” मी म्हटलं, “आणि मला दिलंत नव्याच्या किमतीत.”

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं नाही, पण समजलं. अशी इंजिनं कारखान्यात सतत बनत नाहीत. एक खेप निघते, तीही बऱ्याचदा आधी नोंदलेल्या मागणीपुरती, आणि पुन्हा ती कधी निघेल याचा भरवसा नसतो. त्यांच्या वाट्याला तीन नग आले. काचेत एक फिरवला नसता तर बाकीचे दोन विकले गेले नसते, कारण गिऱ्हाईक चालती गाडी पाहून आत येतं. मीही तशीच आत आले होते. दोन विकले गेले आणि तिसरा, ज्याने ते दोन विकून दिले, तो उरला. त्याला ‘वापरलेला’ म्हणून विकायचं म्हटलं तर नफा जातो, न सांगता विकला तर बहुतेकांना कळतही नाही. खोका तर आपला कोराच असतो, इंजिन काचेत असतं तेव्हा तो माडीवर रिकामा पडून असतो. मुलगा “बॉक्समधलं आहे” म्हणाला होता ते या अर्थाने खरं होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

यात तोटा होतो तो नुसत्या झिजेचा नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, पण ब्रश आणि ट्रॅक्शन टायर हे झिजणारे भाग म्हणून ती बऱ्याचदा त्यांना लागू होत नाही. म्हणजे ३०० तास चाललेल्या इंजिनाचा ब्रश घरी तिसऱ्या महिन्यात संपला, तर तो गिऱ्हाइकाने स्वतःच्या पैशाने घालायचा. आणि नवख्या माणसाला तर वाटेल, आपलंच काही चुकलं. आपण तेल जास्त घातलं, आपले रूळ खराब आहेत. असा माणूस छंद सोडून देतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं ते पहिलं इंजिन असंच होतं, ज्याचं होतं त्याने कंटाळून सोडून दिलेलं. ते कुठून कसं आलं होतं हे आता कळायला मार्ग नाही, पण त्याच्याही पुढच्या चाकाची एकच कड चमकत होती. तेव्हा त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

मालकांनी तीन गोष्टी पुढे ठेवल्या: नवे टायर घालून, चाकं साफ करून देतो, किंवा किमतीतले थोडे पैसे परत देतो, किंवा इंजिन परत घेतो. मला खरं सांगायचं तर दुसऱ्या पर्यायाचा मोह झाला. त्यांनी पहिल्याच दिवशी तेवढे पैसे कमी करून, “हे काचेतलं आहे, दोन महिने फिरलंय” असं सांगितलं असतं, तर मी ते आनंदाने उचललं असतं. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली असती, टायर बदलले असते, ब्रश पाहिले असते. हे सगळं मला हाताने येतं आणि करायला आवडतं. पण ज्या दिवशी लपवलं गेलं त्या दिवशी ते माझ्यासाठी बदललं. इंजिन रुळावर ठेवताना दर वेळी तेच आठवलं असतं. मी परत दिलं. पैसे नवव्या दिवशी पूर्ण मिळाले, एक रकमेने, त्यात घासाघीस झाली नाही. ते त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

माफी मात्र कुणी मागितली नाही. “गैरसमज झाला” असा शब्द वापरला गेला.

तुम्हाला या दुकानात जायचं असेल तर जा. रूळ, सांधे, कपलिंग, टायर, दिवे, रंग, डबे बिनधास्त घ्या. डबे काचेत फिरलेले असले तरी त्यात मोटर नसते, चाकाची धाव पुसली की झालं. इंजिन घ्यायचं असेल तर काउंटरवरच्या रुळावर ठेवायला सांगा आणि चालवून बघायच्या आधी पत्ता वाचायला सांगा. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. ३ सोडून दुसरा आकडा आला तर विचारा, का बदलला. मग इंजिन उलटं करून पुढच्या चाकांच्या दोन्ही कडा बघा, भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा. काचेत कुठलं इंजिन फिरतंय, कुठल्या दिशेने, हेही आत जाताना बघून ठेवा. आणि बिलावर ‘नवीन, न चालवलेला नग’ असं लिहून मागा. ज्या दुकानदाराला ते लिहायला अडचण नाही त्याच्याकडून डोळे मिटून घ्या.

हे सगळं मी तीन आठवड्यांपूर्वीच लिहिणार होते, पण थांबले, की मालक काय करतात ते बघू. गेल्या आठवड्यात सांधे संपले म्हणून गेले. मालक नव्हते. काउंटरमागच्या फळीवर तोच खोका होता. डाव्या कोपऱ्यात चेपलेला, मी घरी नेताना दाराला आपटला होता तो. वर चिठ्ठी ‘नवीन’.

मी मुलाला म्हटलं, “हे जरा रुळावर ठेव रे.” त्याने काही न विचारता ठेवलं. पत्ता वाचला. ३ आला. कुणीतरी डिकोडर कारखान्याच्या आकड्यांवर परत नेला होता. आवाजही पूर्ण होता. चाकं पुसलेली, टायर नवे घातलेले, गवताचा एक धागा नाही. मी भिंग काढून त्याच्या हातात दिलं आणि पुढच्या चाकाची उजवी कड दाखवली, मग डावी. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला हे कुणी कधी दाखवलं नव्हतं.

“हे पुसून जात नाही का काकू?”

“नाही.”

त्याने भिंग परत दिलं. मग पेन घेतलं, ‘नवीन’वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘काचेतला नग’. मागच्या महिन्यात मी मालकांशी बोलताना तो तिथेच उभा होता, तेव्हा हा शब्द त्याने ऐकला असणार. किमतीची जागा त्याने मोकळी सोडली, ती मालक भरतील म्हणाला. मी माझे सांधे मोजून घेतले, बारा, आणि निघाले. पुढच्या महिन्यात कपलिंग आणायला जायचंच आहे. तेव्हा ती चिठ्ठी तशीच आहे की नाही, आणि किंमत किती लिहिली आहे, ते बघून याच्या खाली लिहीन.